चिपी ते बिरसी : विमानअंतर, उड्डाणकाल आणि प्रत्यक्ष प्रवासकाल

सारांश : दोन स्थळांमधील विमानअंतर व उड्डाणकाल हे आकडे आज कोणालाही क्षणार्धात मिळू शकतात. तथापि ज्या दोन विमानतळांदरम्यान थेट विमानसेवाच नाही, त्यांच्या बाबतीत या आकड्यांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी व गोंदिया जिल्ह्यातील बिरसी या दोन विमानतळांचे उदाहरण घेऊन अंतराची गणना कशी होते, उड्डाणकाल कशावर अवलंबून असतो आणि प्रवाशाचा खरा वेळ कोठे खर्च होतो, याचे विवेचन केले आहे. पनवेल तालुक्यात सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या संदर्भात या प्रश्नाला आलेले महत्त्वही तपासले आहे.

बीजशब्द : विमानअंतर, बृहद्वृत्त, उड्डाणकाल, प्रतीक्षाकाल, प्रादेशिक विमानसेवा, दुर्गमता.

प्रास्ताविक

महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवला असता त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सिंधुदुर्ग आणि ईशान्य कोपऱ्यात गोंदिया हे जिल्हे दिसतात. एका जिल्ह्यात सागरी वारा, जांभ्याचा सडा आणि काजू-आंब्याच्या बागा. दुसऱ्यात वैनगंगेचे खोरे, तलाव आणि भातशेती. राज्य एक, भाषा एक आणि मंत्रालयही एकच. मात्र एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याचा प्रसंग आला की परराज्यात जाण्याहून अधिक यातायात करावी लागते. हा प्रसंग वाटतो तितका विरळा नाही. कोकणातील जिल्हा परिषदांच्या शाळांमध्ये विदर्भ व मराठवाड्यातून आलेले शिक्षक मोठ्या संख्येने नोकरी करतात, आणि आंतरजिल्हा बदलीचा प्रश्न या जिल्ह्यांत वर्षानुवर्षे धगधगत राहिलेला आहे. वेंगुर्ला तालुक्यात शिकवणाऱ्या आणि आमगाव तालुक्यात वृद्ध आई-वडील असणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने 'अंतर' हा भूगोलाच्या पुस्तकातील शब्द राहत नाही.

योगायोग असा की या दोन्ही जिल्ह्यांत विमानतळ आहेत. वेंगुर्ला तालुक्यातील परुळे-चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले व त्याच दिवशी मुंबईशी सेवा सुरू झाली. गोंदिया शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवरील बिरसीची धावपट्टी त्याहून पुष्कळ जुनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. तेथे वैमानिकांना प्रशिक्षण देणारी संस्था असल्याने आकाशात विमाने घिरट्या घालताना दिसत. प्रवासी विमान मात्र नव्हते. ते १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद या मार्गावर आले, काही महिन्यांत बंद पडले आणि १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीने हैदराबादशी पुन्हा सेवा जोडली. महाराष्ट्रातील या विमानतळाचे पहिले हवाई नाते इंदूर व हैदराबाद या परराज्यांतील शहरांशी जुळले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

अंतराची गणना

चिपी विमानतळ साधारणतः १६ अंश ० मिनिटे उत्तर अक्षांश व ७३ अंश ३२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. बिरसी २१ अंश ३२ मिनिटे उत्तर व ८० अंश १७ मिनिटे पूर्व. म्हणजे अक्षांशांत ५ अंश ३२ मिनिटांचा आणि रेखांशांत ६ अंश ४५ मिनिटांचा फरक आहे.

अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर सर्वत्र जवळजवळ सारखे, सुमारे १११.२ किलोमीटर असते. रेखांशाचे तसे नाही. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाचे अंतर त्या स्थळाच्या अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते. आपल्या दोन विमानतळांचा मध्य अक्षांश सुमारे १८.८ अंश आहे. तेथे रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५.३ किलोमीटर. यावरून उत्तर-दक्षिण घटक सुमारे ६१५ किलोमीटर व पूर्व-पश्चिम घटक सुमारे ७११ किलोमीटर येतो. या दोन भुजांचा काटकोन त्रिकोण मानून कर्ण काढला की उत्तर येते ९४० किलोमीटर. सागरी मैलांत सांगायचे तर सुमारे ५०७.

शालेय पायथागोरसाच्या प्रमेयाने मिळालेले हे उत्तर कितपत विश्वसनीय आहे? पृथ्वी गोल मानून गोलीय त्रिकोणमितीने बृहद्वृत्तावरील अंतर काढले तरी ते ९४० किलोमीटरच येते; फरक पडलाच तर एखाद्या किलोमीटरचा. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे लक्षात घेतले तरी चित्र फारसे बदलत नाही. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या मार्गावर बृहद्वृत्त आणि नकाशावरील सरळ रेषा यांत जे मोठे अंतर पडते, ते राज्यांतर्गत प्रवासात पडत नाही. मात्र रेखांशाचा संकोच विसरून चालत नाही. दोन्ही दिशांना १११ किलोमीटरचाच हिशेब धरला तर उत्तर ९७० च्या पुढे जाते, म्हणजे ३० किलोमीटरची चूक होते. पदवीच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्यांना हे गणित घातले असता बहुतेकांचे उत्तर याच ठिकाणी बिघडते, असा अनुभव आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. रेखांशाच्या या संकोचाचे सूत्र आपल्या सिद्धान्तग्रंथांत स्पष्टपणे आलेले आहे. भूपरिधीला लंबज्येने गुणून त्रिज्येने भागावे म्हणजे त्या स्थळाची 'स्फुट परिधी' मिळते, असा नियम सूर्यसिद्धान्तात आहे. लंबज्या म्हणजेच अक्षांशाची कोज्या. लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाणाऱ्या मध्यरेखेपासून एखादे गाव किती योजने पूर्वेस वा पश्चिमेस आहे, यावरून ग्रहगणितातील देशांतर-संस्कार काढण्यासाठी या परिधीचा उपयोग केला जाई. उज्जैनची ही मध्यरेखा चिपीच्या पूर्वेकडून आणि बिरसीच्या पश्चिमेकडून जाते. आधुनिक सूत्रात जी अर्ध-उत्क्रमज्या वापरली जाते, तिच्यातील उत्क्रमज्याही प्राचीन भारतीय गणितज्ञांच्या परिचयाची होती.

देशांतराचा आणखी एक परिणाम आजही व्यवहारात जाणवतो. ६ अंश ४५ मिनिटे म्हणजे सूर्याच्या हिशेबाने २७ मिनिटे. दोन्ही ठिकाणची घड्याळे एकच वेळ दाखवतात, परंतु विषुवदिनी बिरसीचा सूर्य चिपीच्या सूर्यापेक्षा २७ मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात हा फरक आणखी वाढतो. ज्या लहान विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नसते, त्यांच्या वेळापत्रकात पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला दिवसाचा तेवढा अवधी कमी मिळतो.

उड्डाणकाल

अंतर निश्चित झाल्यावर त्याला वेगाने भागले की वेळ मिळते, असा सर्वसाधारण समज असतो. संगणकावरील अंतरमापके साधारणतः असेच करतात : ताशी ८०० किलोमीटर वेग धरून भागाकार करावयाचा आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावयाचा. या रीतीने चिपी-बिरसी उड्डाणाला १ तास ४० मिनिटे लागतील, असे उत्तर मिळते.

परंतु ताशी ८०० किलोमीटर हा जेट विमानाचा वेग आहे. प्रादेशिक मार्गांवर बहुधा वापरले जाणारे एटीआर ७२ हे सुमारे ७० आसनांचे, पंख्यांचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. त्याला केवळ ९४० किलोमीटर कापण्यास १ तास ५३ मिनिटे लागतील. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरण्यापूर्वी वळसा घेणे आणि पुन्हा फलाटापर्यंत येणे यांची वीस-बावीस मिनिटे धरली की सव्वादोन तास होतात. शिवाय विमान दोन बिंदूंमधील रेषेवरून तंतोतंत जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, लष्करी हद्दी टाळाव्या लागतात, आणि वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडून उतरावयाचे ते ठरते. प्रत्यक्ष उडालेले अंतर गणिती अंतराहून नेहमीच थोडे अधिक भरते.

वाऱ्याचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. चिपीहून बिरसीची दिशा जवळजवळ ईशान्य आहे. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून वारे वाहतात. ताशी ६५ किलोमीटरचा पश्चिमवारा असेल तर त्याचा सुमारे ५० किलोमीटरचा घटक जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर येतो. जाताना १ तास ४३ मिनिटे, येताना २ तास ५ मिनिटे. दोन्हींची बेरीज ३ तास ४८ मिनिटे होते, वारा नसता तर ती ३ तास ४६ मिनिटे झाली असती. जाताना वाचलेला वेळ येताना फिटतो असे आपण गृहीत धरतो, पण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ राहत असल्याने जाऊन-येऊनच्या प्रवासात वारा थोडे घेऊनच जातो. दोन मिनिटांनी प्रवाशाचे काही बिघडत नाही. इंधनाचा हिशेब करणाऱ्याला मात्र ती मोजावी लागतात. पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते व त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके राखीव इंधन जेट वा पंख्याच्या विमानाला बाळगावे लागते, ते वेगळेच.

थोडक्यात, जेट विमानाने साधारण १ तास ३५ मिनिटे आणि एटीआरने २ तास १५ मिनिटे. विमानाचा प्रकार बदलल्याने फरक पडतो तो सुमारे चाळीस मिनिटांचा. हा चाळीस मिनिटांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील विवेचनात त्याची तुलना करावयाची आहे.

प्रत्यक्ष प्रवास

वर ज्या उड्डाणाचा काल काढला, ते उड्डाण अस्तित्वात नाही. चिपी आणि बिरसी यांना जोडणारी थेट सेवा कधीही नव्हती. मग वेंगुर्ल्याच्या शिक्षकाने गावी जावे कसे?

पारंपरिक मार्ग रेल्वेचा. कुडाळला कोकण रेल्वे पकडून सात-आठ तासांत पनवेल, तेथून कल्याण गाठावयाचे आणि सायंकाळची विदर्भ एक्सप्रेस पकडून दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास गोंदिया. गाड्यांमधील वेळ व घर ते स्थानक हा प्रवास धरता सुमारे ३० तास सहज जातात, आणि पावसाळी वेळापत्रक लागू असताना कोकणातील गाड्यांचा वेग आणखी मंदावतो. दुसरा पर्याय म्हणजे घाट चढून कोल्हापूर गाठणे. तेथून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड असा वळसा घेत तेराशेहून अधिक किलोमीटर धावते. कोल्हापूर-गोंदिया हे सरळ अंतर मात्र सुमारे ८३० किलोमीटर आहे. एका राज्याच्या पोटातच एवढा लांब पल्ला गाठणारी ही गाडी महाराष्ट्राच्या विस्ताराचे आणि त्याच्या आडव्या जोडणीच्या अभावाचे एकाच वेळी दर्शन घडवते.

विमानाने जावयाचे तर चिपीपेक्षा गोव्यातील मोपा विमानतळाचा विचार आधी होतो. जानेवारी २०२३ मध्ये तेथून उड्डाणे सुरू झाली. चिपीपासून तो सरळ रेषेत अवघ्या ४५ किलोमीटरवर आहे, आणि सावंतवाडी-बांदा भागातील लोकांना तो चिपीहूनही जवळचा. तिकडून देशभर विमाने जातात. चिपीची मुंबई सेवा २०२४ मध्ये खंडित झाली, त्याचा विचार करताना ही शेजारची स्पर्धा दृष्टिआड करता येत नाही. आता मोपा-मुंबई-नागपूर या मार्गाचा एक सरासरी हिशेब मांडू. घर ते मोपा सव्वा तास. विमानतळावर आधी पोहोचण्याचा दीड तास. मुंबईपर्यंत सव्वा तास. मुंबईत पुढच्या विमानाची वाट पाहण्यात तीन तास. नागपूरपर्यंत दीड तास, बाहेर पडण्यास अर्धा तास आणि नागपूरहून रेल्वेने वा रस्त्याने गोंदियापर्यंत तीन तास. एकूण बारा तास. त्यांपैकी विमानात घालवलेले तास पावणेतीन, म्हणजे एक चतुर्थांशाहूनही कमी.

९४० किलोमीटरच्या सरळ अंतराला बारा तासांनी भागले तर प्रभावी वेग ताशी ७८ किलोमीटर येतो. आठशेच्या वेगाने जाणाऱ्या विमानात बसूनही प्रवासी एकंदरीत चांगल्या रस्त्यावरील मोटारीच्या वेगानेच पुढे सरकतो. रेल्वेच्या ३० तासांचा हिशेब केला तर हाच वेग ताशी ३१ किलोमीटर भरतो.

थेट विमान आणि जोडविमान

यावर उपाय म्हणून थेट विमानाची मागणी सुचणे स्वाभाविक आहे. एटीआरचे थेट उड्डाण असेल तर घर ते घर प्रवास पाच तासांत होईल. तथापि रोज सत्तर प्रवासी सिंधुदुर्गातून गोंदियाला आणि तितकेच परत, इतकी मागणी या मार्गावर निर्माण होईल असे मानण्यास आधार नाही. उडान योजनेचे साहाय्यही अशा लांब मार्गाला पूर्णपणे लागू पडत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत सुमारे एक तासाच्या किंवा ५०० किलोमीटरच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची भाडेमर्यादा आणि तीन वर्षे तूट भरून देण्याची तरतूद होती. एप्रिल २०२३ मधील पाचव्या फेरीत मार्गाच्या लांबीवरील ६०० किलोमीटरची अट उठवण्यात आली, पण तुटीची भरपाई ६०० किलोमीटरपर्यंतच मोजली जाते. उरलेल्या ३४० किलोमीटरचा भार तिकिटावर किंवा कंपनीवर पडणार. शिवाय तीन वर्षांचे साहाय्य संपताच मार्ग बंद पडल्याची उदाहरणे देशभर आहेत.

या ठिकाणी पनवेलचा संबंध येतो. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे आदी दहा गावांच्या जमिनीवर उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. मुंबईच्या जुन्या विमानतळापासून तो सरळ रेषेत सुमारे २४ किलोमीटरवर आहे. जुन्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्याने दोन्हींचा एकाच वेळी पूर्ण वापर होऊ शकत नाही. उड्डाणाच्या वेळा तेथे इतक्या दुर्मीळ की सत्तर आसनांच्या विमानाला सोयीची वेळ मिळणे दुरापास्त. एका स्लॉटमध्ये सत्तर प्रवासी न्यावेत की एकशे ऐंशी, या प्रश्नाचे उत्तर बाजार एकाच बाजूने देतो. नव्या विमानतळाच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, त्यांपैकी एक पहिल्या टप्प्यात कार्यान्वित झाली आहे.

चिपीहून पनवेलचे विमानअंतर सुमारे ३३६ किलोमीटर आणि पनवेलहून बिरसीचे ८०४ किलोमीटर. दोन्ही मिळून ११४० किलोमीटर, म्हणजे थेट मार्गाहून २०० किलोमीटर अधिक. नकाशावर हा वळसा मोठा दिसतो. एटीआरच्या वेगाने त्याची किंमत मात्र केवळ चोवीस मिनिटे आहे. समजा, सकाळी चिपीहून निघालेले विमान सव्वा तासाच्या आत पनवेलला उतरले आणि सव्वा तासाने बिरसीचे विमान सुटले, तर घर ते घर प्रवास सव्वासात तासांच्या आसपास पूर्ण होईल. बारा तासांचे सव्वासात. विमान बदलून वाचतात ती चाळीस मिनिटे. वेळापत्रक आणि विमानतळ जुळवून वाचतात जवळजवळ पाच तास. प्रस्तुत लेखकाच्या मते दूरच्या जिल्ह्यांतील लोकप्रतिनिधींनी मोठ्या विमानाची वा थेट सेवेची मागणी करण्याऐवजी जोडणीच्या वेळांची मागणी करणे अधिक फलदायी ठरेल. अशा विमानांत सिंधुदुर्गाहून गोंदियाला जाणारे चार-पाचच प्रवासी असले तरी चालते. उरलेल्या आसनांवर नाशिक, नागपूर, हैदराबाद वा दिल्लीकडे जाणारे बसतील. रेल्वेचे जंक्शन म्हणून पनवेलने हेच काम दीर्घकाळ केलेले आहे.

आठवड्यातील फेऱ्यांची संख्या

येथपर्यंतच्या सर्व हिशेबात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे प्रवाशाला हव्या त्या दिवशी विमान आहे. लहान विमानतळांवर हे गृहीत बहुधा टिकत नाही. आठवड्यातून तीनच दिवस विमान असेल तर दोन उड्डाणांमध्ये सरासरी ५६ तास जातात. ज्याला निघण्याची गरज केव्हाही उद्भवू शकते, त्याला त्यातील निम्मे, म्हणजे सरासरी २८ तास थांबावे लागते. सुट्टीचे आरक्षण दोन महिने आधी करणाऱ्याला या थांबण्याची झळ लागत नाही. पण आजारपणाचा निरोप आलेल्या माणसाला ती पुरेपूर लागते. त्याच्यासाठी २८ तासांची प्रतीक्षा आणि सव्वासात तासांचा प्रवास मिळून ३५ तासांहून अधिक होतात, आणि रोज धावणारी, ३० तास घेणारी रेल्वे त्याला आधी पोहोचवते.

हीच सेवा रोजची केली तर सरासरी प्रतीक्षा १२ तासांवर येते व एकूण वेळ २० तासांच्या आत राहतो. १४० आसनांचे विमान आठवड्यातून तीनदा आणि ७० आसनांचे विमान आठवड्यातून सहादा, या दोहोंत आसनांची संख्या समानच आहे. पावसाळ्यात ढग खाली उतरले आणि एखादी फेरी रद्द झाली, तर पहिल्या प्रकारात पुढचे विमान दोन-तीन दिवसांनी मिळते, दुसऱ्यात बहुधा दुसऱ्याच दिवशी. धावपट्टीची लांबी, टर्मिनलची भव्यता व उद्घाटनाची तारीख यांची चर्चा वृत्तपत्रांत पुष्कळ होते. वेंगुर्ल्याच्या त्या शिक्षकाला मात्र आधी विचारावे लागते ते एवढेच की विमान आठवड्यातून किती वेळा आहे, आणि पनवेलला उतरल्यावर पुढचे किती वाजता सुटते.